एक कान घराकडे

३८ वर्षें शाळामास्तरकी केल्यावर माणसाच्या तोंडीं कांहीं वाक्यें कायमचीं बसतात. 'कान देऊन ऐका' हें आमचें असेंच एक वाक्य होतें. मुलांनीं कान कितपत दिले हा प्रश्न निराळा. परंतु कान ही वस्तु देवानें फुकट दिलेली असल्यामुळें तिच्यासंबंधीं विचार करण्याचें कारण नाहीं, अशा समजुतींत आम्ही स्वतः होतों. त्या कानांवर चढवावयाचें एक यंत्र निवडतांना सेवानिवृत्तीनंतर आम्हांस नव्यानें धडा घ्यावा लागेल, असें कुणीं सांगितलें असतें तर आम्ही हंसलों असतों. तो धडा आम्हांस महाग पडला. वाचकांच्या घरीं तो स्वस्तांत पडावा, एवढ्याचसाठीं ही हकीकत लिहीत आहों.

आमचें घर चिंचवडगांवांत, पवनेच्या कांठीं, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर. घरांत माणसें सात: आमचे थोरले बंधु अण्णा, आम्ही, आमची सौ., चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पाहतां पाहतां आसपासचीं शेतें जाऊन तेथें कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या. अण्णा १९७३ सालीं भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्यें लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. चिरंजीव रोज चाकणास मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत जातात. सूनबाईची कंपनी हिंजवडीस. २०२० सालच्या महामारींत तिची कचेरी घरीं आली, ती अद्याप पुरती परत गेलेली नाहीं. आठवड्यांतले दोन दिवस ती हिंजवडीस जाते, आणि तीन दिवस आंतल्या खोलींत लॅपटॉपपुढें बसते.

आतां सातजणांच्या घरांत शांतता कोठून असणार? सकाळीं कुकरच्या शिट्या, मग नातवाचे पाढे, मग खालीं भंगारवाल्याची आरोळी, आणि ह्या सर्वांच्या जोडीस आमचें विष्णुसहस्रनाम. तें आम्ही खड्या आवाजांत म्हणतों. कारण हळू म्हटलेलें अण्णांना म्हटलेंच नाहीं असें वाटतें. हा सारा संसार लॅपटॉपच्या पोटांतल्या माईकमधून समुद्रापलीकडे जात होता, ह्याची आम्हांस कल्पना नव्हती. ती आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें दिली. "आजोबा, आईच्या मीटिंगमध्यें सगळे हंसले. एकजण म्हणाला, तुमच्या घरीं रेल्वे स्टेशन आहे का?"

सूनबाई ह्याबद्दल एका शब्दानें बोलली नव्हती. उलट ऐन वैशाखांत ती खिडक्या-दारें लावून, पंखासुद्धां बंद करून बसे, आणि आम्ही समजत होतों कीं तिला घरच्या माणसांची अडचण होते. हा आमचा पहिला गैरसमज.

त्या वर्षीं तिच्या वाढदिवसास एक चांगलासा हेडफोन घेऊन द्यावा, असें आम्हीं ठरविलें. चिरंजिवांस विचारलें असतें तर बरें झालें असतें. पण भेट गुपचूप देण्याची आम्हांस हौस. बाजारांतल्या एका दुकानीं जाऊन आम्हीं आमची अडचण सांगितली. दुकानांतल्या तरुणानें एक सुबक पेटी पुढें ठेवली. "आजोबा, हा घ्या. नॉइज कॅन्सलेशन आहे. कुकर काय, दारावरून लग्नाची वरात गेली तरी कळणार नाहीं."

कुणाला कळणार नाहीं, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. वाक्यांतला कर्ता कोण आणि कर्म कोणतें, हें आम्ही मुलांस उभा जन्म विचारीत आलों; स्वतःवर वेळ आली तेव्हां नेमकें तेंच विसरलों. दुकानदार खोटें बोलला नव्हता. आम्हींच अर्धें वाक्य ऐकून १२,५०० रुपये मोजले.

सूनबाईला अतोनात आनंद झाला. दोन्ही कान पूर्ण झांकणाऱ्या मऊ गाद्या, तारेची कटकट नाहीं, आणि कानांवर चढवितांच पंख्याचा आवाज विझल्यासारखा नाहींसा. आठ दिवसांनीं ती हंसत म्हणाली, "बाबा, मला आतां फार छान ऐकूं येतें. त्यांना मात्र अजून आपला कुकर ऐकूं येतो." आम्हीं तें विनोदावारी नेलें. हा दुसरा गैरसमज.

कार्तिकांतली गोष्ट. पेन्शनसाठीं हयातीचा दाखला देण्यास आम्ही बँकेंत गेलों होतों. नातवंडें शाळेंत, चिरंजीव चाकणास. घरांत तिघेंच. आमची सौ. न्हाणीघरांत पाय घसरून पडली. तिनें सूनबाईला हांका मारल्या, अण्णांना मारल्या. अण्णा बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होते. पण प्रेसच्या दणक्यांनीं त्यांचे कान कधींच गेलेले. सूनबाई एका भिंतीपलीकडे बसली होती. तिचे कान आम्हीं दिलेल्या यंत्रानें झांकलेले. वीस-पंचवीस मिनिटें ती ओल्या फरशीवर पडून होती. आम्ही जिना चढून आलों तेव्हां ती हांका मारण्याचें सोडून नुसती कण्हत होती. उजव्या मनगटाचें हाड मोडलें होतें.

त्या घटकेस आमच्या तोंडून जें गेलें तें येथें लिहितांना लाज वाटते. पण लिहिलें नाहीं तर हकीकत खोटी होईल. आम्ही सूनबाईस म्हणालों, "कानांत बोळे घालून बसल्यावर घरांत कोण मेलें, कोण जगलें, हें कसें कळणार!" ती कांहीं बोलली नाहीं. तिनेंच सासूला सांवरून उठविलें, तिनेंच गाडी काढली, आणि इस्पितळांत प्लास्टर होईपर्यंत ती सासूचा दुसरा हात धरून उभी होती.

रात्रीं जेवणें झाल्यावर अण्णांनीं आम्हांस गच्चींत बोलाविलें. "तूं तिला काय बोललास तें मला ऐकूं आलें नाहीं," ते म्हणाले, "पण तिचें तोंड मीं पाहिलें." मग त्यांनीं जें सांगितलें तें इतक्या वर्षांत आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें; कारण विचारलें नव्हतें.

"प्रेसवर लागलों त्या वर्षीं रात्रीं कानांत रातकिडे वाजायचे. सकाळपर्यंत थांबायचे. पुढें थांबायला सुट्टीचा दिवस लागूं लागला. मग एका वर्षीं ते थांबलेच नाहींत, अजून वाजतात. कारखान्यांत कानांत घालायला बोळे द्यायचे. मी ते काढून ठेवायचों. कां, तर बोळे घातले कीं शेजारच्या माणसाची हांक ऐकूं यायची नाहीं, आणि प्रेसखालीं हात सांपडलेला माणूस हांकच मारतो. म्हणून मीं कान उघडे ठेवले, ते गेले. हिनें तुझ्या भेटीखातर झांकले, तर घरांत हें झालें. झांकायचे किती आणि उघडे ठेवायचे किती, हें आधीं ठरवायला नको होतें का? तें तूंहि ठरवलें नाहींस आणि तिलाहि विचारलें नाहींस. दुकानदारानें ठरवलें."

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसरे दिवशीं सकाळीं सूनबाई चहा घेऊन आली तेव्हां आम्ही तिला म्हणालों, "काल मी बोललों तें चुकलें. चूक माझी होती, तुझी नव्हे." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदांच बोललांत. मी रात्रभर स्वतःला तेंच म्हणत होतें." आणि मग दोघांनाहि पुढें बोलवेना.

त्या रविवारीं आम्ही, चिरंजीव आणि सूनबाई असे तिघें टेबलाभोवतीं बसलों, आणि जें खरेदीपूर्वीं करावयास हवें होतें तें आम्हीं खरेदीनंतर केलें. यंत्र काय करतें हें समजून घेतलें.

आमच्या नैयायिकांनीं शब्द कानापर्यंत कसा येतो हें सांगण्यास दोन दृष्टांत योजले आहेत. एक वीचीतरंगन्याय: पाण्यांत खडा पडला कीं एका लाटेंतून दुसरी, दुसरींतून तिसरी, असा शब्द पसरत येतो. दुसरा कदंबमुकुलन्याय: कदंबाच्या गोंड्यावरच्या कळ्या जशा सर्व दिशांना एकदम फुटतात, तसा शब्द चहूंकडे जातो. चिरंजिवांनीं विज्ञान सांगितलें आणि आम्हीं हे न्याय सांगितले, तेव्हां दोन्ही यंत्रांचें मर्म आम्हां तिघांच्याहि ध्यानीं आलें.

गोंगाट मारणारा हेडफोन हा वीचीतरंगाचा खेळ आहे. बाहेरून आलेली लाट त्यांतला एक चिमुकला माईक टिपतो, आणि यंत्र तत्क्षणीं तिच्या बरोबर उलट लाट कानापाशीं सोडतें. तिचा उंचवटा तेथें हिचा खळगा. दोन्ही एकमेकींस खातात आणि कानास शांतता लाभते. ही कल्पना नवी नाहीं. जर्मनीच्या पॉल ल्यूगनें १९३३ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला होता. ती माणसाच्या डोक्यावर बसविण्याचें मोठें श्रेय अमर बोस ह्यांस आहे. त्यांचे वडील बंगालचे क्रांतिकारक. इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवून अमेरिकेस गेलेले. १९७८ सालीं युरोपांतून अमेरिकेस परततांना विमानांत मिळालेल्या हेडफोनांतून इंजिनाच्या घरघरीपुढें कांहीं धड ऐकूं येईना, तेव्हां बोस ह्यांनीं विमानांतच ह्या गोष्टीचें गणित मांडण्यास आरंभ केला. आणि १९८९ सालीं वैमानिकांसाठीं त्यांच्या कंपनीचा हेडसेट विक्रीस आला. विमानाचें इंजिन, पंखा, कारखान्यांतला कॉम्प्रेसर अशा खर्जांतल्या एकसुरी आवाजावर ही युक्ति उत्तम चालते. कुकरची शिटी किंवा माणसाची हांक अशा उंच, अवचित आवाजावर ती तितकीशी चालत नाहीं. तें काम कानाभोंवतालच्या जाड गाद्या करतात. तात्पर्य, हा सगळा खटाटोप घालणाराच्या कानासाठीं. पलीकडच्या माणसास काय ऐकूं जावें, ह्याच्याशीं त्याचा संबंध नाहीं.

पलीकडे काय जावें हें ठरवितो माईक. आणि तेथें कदंबमुकुलन्याय लागतो. शब्द चहूंकडे पसरतो म्हणूनच अंतराबरोबर तो विरळ होतो. अंतर दुप्पट झालें कीं जोर चौथाई. लॅपटॉपचा माईक तोंडापासून दीड हातावर असतो. एक हात म्हणजे २४ अंगुळें, तेव्हां दीड हात म्हणजे ३६ अंगुळें. हेडसेटला पुढें दांडी असते, तिच्या टोंकाचा माईक ओठांच्या कोपऱ्यापासून तीन अंगुळांवर येतो. म्हणजे तोंड १२ पट जवळ आलें, आणि आवाजाचा जोर हिशेबानें १४४ पट वाढला. स्वयंपाकघर मात्र होतें तेथेंच राहिलें. अर्थात् माईकची ग्राहकता तितकी कमी करतां येते, आणि कुकर आपोआप मागें पडतो. हें गणित आमची नातहि करूं शकेल. १२,५०० रुपयांचें काम दांडीच्या टोंकाशीं होतें.

बिनतारी कीं तारेचा, हा पुढचा प्रश्न. नुसतें गाणें ऐकण्यास बिनतारी ब्लूटूथ हेडफोन उत्तम. पण त्याच हेडफोनाचा माईकहि चालूं केला कीं पुष्कळ लॅपटॉपांवर ऐकणें-बोलणें दोन्ही एकाच अरुंद वाटेनें जाऊं लागतें, आणि मघांचा गोड आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. आमच्या घरीं हेंच होत होतें. शिवाय ऐन बैठकींत बॅटरी संपणें आहेच. कांहीं बिनतारी हेडसेटांबरोबर लॅपटॉपला लावण्याचें एक लहान बोंडूक येतें. तें ह्या कामीं अधिक भरंवशाचें. ज्यास जागचें उठावयाचें नाहीं, त्यास यूएसबीची साधी तार सर्वांत स्वस्त व खात्रीची. मात्र दुकानीं जाण्यापूर्वीं आपल्या लॅपटॉपला कोणतें भोंक आहे तें पाहून जावें. गोल ३.५ मिलिमीटरचें एकच भोंक असेल तर हेडसेटच्या खुंटीवर तीन काळ्या रेघा हव्यात. दोनच असतील तर ऐकूं येईल, पण माईक चालणार नाहीं.

राहिला कानाच्या प्रकृतीचा प्रश्न. आणि अण्णा समोर बसले असतां तो विसरणें शक्य नव्हतें. आपल्याकडे कारखान्यांत आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही मर्यादा धरतात. चिरंजिवांच्या कारखान्यांत ज्या विभागांत गोंगाट आहे तेथें कान झांकल्याखेरीज प्रवेश नाहीं, आणि कामगारांची श्रवणचांचणी होते. ही काळजी अण्णांच्या वांट्यास आली नाहीं. पण ज्या मुलांची आपण कारखान्यांत एवढी काळजी घेतों, तींच घरीं येतांना कानांत काय ओततात हें कोण मोजतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांतून ४० तास ऐकणें निर्धोक. तोच ९० डेसिबलवर नेला तर आठवड्यास अवघे चार तास. कानाच्या आंतल्या शंखांत ज्या सूक्ष्म केसाळ पेशी असतात त्या एकदां मेल्या कीं माणसाच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. मोडलेलें मनगट दीड महिन्यांत सांधतें. कानाचें तसें नाहीं. म्हणून आवाज निम्म्याच्या किंचित् वर, त्यापलीकडे नाहीं, असा नियम आमच्या घरीं लहानथोर सर्वांस लागू झाला.

इतकें झाल्यावर अण्णांचा प्रश्न उरला: झांकायचे किती, उघडे ठेवायचे किती? ह्या वेळीं तो आम्हीं सूनबाईलाच विचारला. ती म्हणाली, "बाबा, मला शांतता नकोच होती. त्यांना आपला गोंगाट जाऊं नये आणि मला आपलें घर ऐकूं यावें, एवढेंच हवें होतें." म्हणजे आम्हीं तिला नेमकें उलटें दिलें होतें.

तिला हवा तसा हेडसेट जगांत होता, आणि तो फार जुना व साधा होता. टेलिफोनवर दिवसभर गिऱ्हाइकांशीं बोलणारीं माणसें वापरतात तो, एकाच कानाचा, पुढें दांडीचा माईक असलेला, यूएसबी तारेचा, आणि तारेवर माईक बंद करण्याचें बटण. किंमत १,६०० रुपये. एका कानावर कचेरी, दुसरा कान घराकडे. एका कानावर ताण पडूं नये म्हणून ती तो दर तासा-दोन तासांनीं डावीकडून उजवीकडे फिरविते, आणि स्वतः बोलत नसेल तेव्हां बटण दाबून ठेवते.

विकत घेतल्या दिवशींच त्याची परीक्षा घेतली. चिरंजीव चाकणास, सूनबाई आंतल्या खोलींत, चुलीवर कुकर, नातवाचे पाढे, आणि आमचें विष्णुसहस्रनाम नेहमींच्या पट्टींत. चिरंजिवांनीं निकाल कळविला: "तिचा शब्द न् शब्द स्वच्छ. कुकर शेजारच्या घरांतला वाटतो. पाढे ऐकूं येत नाहींत. बाबा थोडे ऐकूं येतात." तेव्हांपासून बैठकीच्या वेळीं आम्ही एक पट्टी खालीं उतरलों आहों.

एवढ्यावर भिस्त न ठेवतां न्हाणीघरांत जमिनीपासून हातभर उंचीवर एक बिनतारी घंटीचें बटण लावलें. पडलेल्या माणसाच्या हातीं यावें म्हणून तें इतकें खालीं. त्याच्या घंटीबरोबर बाहेरच्या खोलींत दिवा लुकलुकतो, तो अण्णांसाठीं. महाग हेडफोन टाकून दिलेला नाहीं. घरांत दुसरें कुणी ऐकतें माणूस असेल आणि एकाग्रतेचें काम असेल तर सूनबाई तो घालते, पण आधीं येऊन सांगते, "आई, अर्धा तास माझे कान बंद."

शुश्रूषा हा शब्द आम्हीं वर्गांत अनेकदां सोडवून दाखविला आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणें. त्याचें इच्छार्थक रूप होऊन हा शब्द सिद्ध झाला. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञाधारकपणा, त्यावरून सेवा. फळ्यावर हें लिहितांना आमचें सगळें लक्ष सन्नंत प्रक्रियेकडे असे. त्या दीड महिन्यांत सौ.चा उजवा हात प्लास्टरमध्यें असतां सूनबाई तिची वेणी घालीत असे. एका कानावर परदेशांतल्या माणसांचें बोलणें चाललेलें, माईकचें बटण दाबलेलें, आणि दुसऱ्या कानानें ती सासूचें ऐके: "जरा सैल घाल गं, ओढतंय." तें पाहून त्या शब्दाचा अर्थ आम्हांस कळला. जिला ऐकण्याची इच्छा होती, तिचेच कान आम्हीं पैसे देऊन बंद केले होते.

अण्णांनींहि अखेर आपले कान तपासून घेतले. गेलेलें परत येत नाहीं हें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. पण उरलेलें वाढवून देणारें श्रवणयंत्र त्यांस बसविलें. पहिल्याच सकाळीं ते स्वयंपाकघराच्या दारांत येऊन मोठ्यानें म्हणाले, "ह्या घरांत इतका गोंगाट असतो, हें मला आजवर कुणीं सांगितलें कां नाहीं?"

आंतल्या खोलींत सूनबाईची बैठक चालूं होती. तिथून तिचें हंसणें ऐकूं आलें.